पुडी कुणाच्या हातात?

मागच्या वेळी आपण गटाच्या दुकानाचा रोजमेळ कसा लिहायचा ते बोललो होतो. त्यावर फोन आले, पण रोजमेळाबद्दल कमी आणि दुसऱ्याच गोष्टीबद्दल जास्त. "बारकं पोर तंबाखूची पुडी मागायला येतं, द्यायची का नाही?" "पोरगं अंगानं मोठं दिसतं, पण वय कसं कळणार? आधार कार्ड मागितलं तर रागावतात." एका ताईंनी तर विचारलं, "आम्ही दुकानदार आहोत का पोलीस?" म्हणून आज हाच विषय घेतलाय. सुरुवात आमच्याच दुकानापासून करतो, कारण चुकलो आम्हीही होतो.

आमच्या गटाचं किराणा दुकान आहे. सभासद पाळीपाळीनं गल्ल्यावर बसतात. एका संध्याकाळी गल्लीतला चौथीतला मुलगा आला, मुठीत दहाचं नाणं. "मावशी, आजीची पुडी." रोजचंच गिऱ्हाईक. गल्ल्यावरच्या आमच्या मैत्रिणीनं पुडी काढून दिली, वर लिमलेटची गोळी हातावर ठेवली. शेजारी साखर घ्यायला थांबलेल्या अंगणवाडी ताई म्हणाल्या, "अगं, ती पुडी सात वर्षांची आहे, माहीत आहे ना?" आम्हाला वाटलं, जुना माल दिला की काय. पाकिटावरची तारीख बघायला लागलो. त्या हसल्या. म्हणाल्या, "पुडीची नाही गं, तुरुंगाची सांगतेय."

आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर झोप लागेना. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या थट्टा करत नव्हत्या.

तंबाखूचा मूळ कायदा २००३ सालचा. सरकारी लोक त्याला 'कोटपा' म्हणतात. त्याच्या सहाव्या कलमात दोन गोष्टी आहेत. एक, अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकायचा नाही. दुसरी, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तो अजिबात विकायचा नाही, गिऱ्हाईक साठ वर्षांचं असलं तरी नाही. शंभर यार्ड म्हणजे जवळजवळ एक्याण्णव मीटर. ते शाळेच्या खोलीपासून मोजायचे नसतात, आवाराच्या कुंपणापासून मोजायचे असतात. बऱ्याच गावांत शाळा आणि दुकान एकाच चौकात असतं. ज्यांचं दुकान असं आहे त्यांनी आधी टेप घेऊन अंतर मोजून बघा. पुढचं सगळं नंतर.

या कायद्यात दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. ऐकून कुणीही म्हणेल, एवढंच ना? आम्हीही म्हणालो. पण २०१५ साली मुलांसाठीचा 'बाल न्याय कायदा' झाला, जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याचं सत्त्याहत्तरावं कलम म्हणतं की डॉक्टरनं सांगितल्याशिवाय जो कुणी मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचा पदार्थ देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मूल म्हणजे अठरा पूर्ण न झालेलं कुणीही. अंगणवाडी ताईंची सात वर्षं ती हीच.

आता तुम्ही म्हणाल, पोरगं कुठं खाणार होतं? पुडी आजीची होती. आम्हीही हेच म्हणालो. पण कलम पुन्हा वाचा. 'विकेल' असाही शब्द नाही तिथं, 'देईल' असा आहे. कुणासाठी दिली हे विचारलेलंच नाही. पुडी मुलाच्या हातात गेली, तिथंच गोष्ट झाली. शिवाय दुकानातून घरापर्यंतच्या वाटेवर त्या मुठीत काय होतं ते आजीला थोडंच दिसतं?

आमच्या बैठकीत आम्ही विचारलं होतं, तुमच्यापैकी मिसरी लावणाऱ्या कितीजणींनी लहानपणी घरच्यांसाठी तंबाखू आणली होती? बरेच हात वर गेले. एकजण म्हणाली, "आईची मिसरी तव्यावर मीच भाजायची. बोटाला लागलेली दातावर फिरवून बघितली, तेव्हा मी तिसरीत होते. आता माझी नात दहावीला आहे, आणि माझी मिसरी सुटलेली नाही." हे सांगताना ती कुणाला दोष देत नव्हती. पण त्यानंतर बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मिसरी म्हणजे तंबाखू नाही, ती दात घासायची वस्तू आहे, असं पुष्कळ बायका मनापासून मानतात. कायदा तसं मानत नाही. २००३ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत सिगारेट, बिडी, खायची तंबाखू, तपकीर यांच्याबरोबर तंबाखू घातलेल्या दंतमंजनाचंही नाव स्वतंत्र लिहिलेलं आहे. यादी करणाऱ्यांना आपली घरं माहीत होती म्हणायची!

आता दुकानदारानं काय करायचं ते सांगतो. नियम असा आहे की समोरचं गिऱ्हाईक अठराच्या खालचं नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर "मला तो मोठा वाटला" एवढ्यानं सुटका नाही. आणि त्याच नियमात असंही लिहिलंय की शंका आली तर विकणाऱ्यानं वयाचा पुरावा मागावा. तेव्हा पुरावा मागणं हा आगाऊपणा नाही, तो आपल्याला दिलेला अधिकार आहे. ज्या ताईंनी विचारलं की आम्ही पोलीस का, त्यांना आमचं उत्तर हे की पोलीस नाही, पण पोलीस आले तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

चौथीतल्या मुलाकडे कार्ड मागायचा प्रश्नच नाही. त्याचे पैसे त्याच्या हातातच राहू द्या आणि सांगा, "बाळा, आजीला म्हणावं मावशीनं बोलावलंय." पोराला रागावू नका, त्याला पाठवलेलं असतं. अडचण येते ती मिसरूड फुटलेल्या मुलांची. सोळाचा आहे का एकोणिसाचा, आईलाही पटकन सांगता यायचं नाही. आम्ही आधी सहज विचारतो, "दहावी कुठल्या साली झाली रे?" खोटं बोलणारा वय चटकन सांगतो, कारण ते त्यानं ठरवून आणलेलं असतं. दहावीचं साल विचारलं की बोटं मोजायला लागतो. तरी हा पुरावा नव्हे बरं का. शंका उरली तर कार्ड बघायचंच.

कार्डावर जन्मतारीख बघायची, आणि फोटो समोरच्याच चेहऱ्याचा आहे ना ते बघायचं. कार्ड आहे म्हणजे वय आहे असं धरू नका. आधार तर तान्ह्या बाळाचंही निघतं. पॅन कार्डही लहान मुलांचं काढता येतं. गाडीचं लायसन्स दाखवलं तरी तारीख वाचा, कारण बिनगिअरच्या लहान गाडीचं लायसन्स सोळाव्या वर्षीही मिळतं. मतदान कार्ड मात्र अठरा झाल्याशिवाय मिळत नाही, ते असेल तर काम सोपं. मोठ्या भावाचं कार्ड घेऊन येणारे असतात, म्हणून फोटोकडे नीट बघायचं.

हिशेब असा करायचा. चालू सालातून अठरा वजा करा. समजा २०२६ साल चालू आहे, तर २००८ आलं. २००७ किंवा त्याआधीचा जन्म असेल तर चालेल. २००९ किंवा नंतरचा असेल तर नाही. नेमका २००८ चा असेल तर महिना आणि तारीख बघायची, वाढदिवस होऊन गेलाय का ते. आमच्यात एक सातवी शिकलेली मैत्रीण आहे, तिला गल्ल्यावर गर्दीत वजाबाकी नको वाटायची. म्हणून आम्ही तराजूमागच्या भिंतीवर चिठ्ठी डकवली आहे आणि दर वर्षी १ जानेवारीला तीवरचं साल बदलतो.

जन्मतारखेची एक गंमत सांगतो. आमच्या गावात कार्डं बघायला लागलो तर अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं! पूर्वी मूल शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी शाळेच्या हिशेबानं १ जून लिहून टाकायचे. आणि जे शाळेत गेलेच नाहीत, त्यांच्या आधारवर साल अंदाजानं आणि तारीख १ जानेवारी. ही मंडळी आता वयस्क आहेत, त्यामुळे आपल्या कामात फरक पडत नाही. आताच्या मुलांच्या तारखा दवाखान्यातल्या नोंदीवरून येतात, त्या बऱ्याचशा खऱ्या असतात.

कार्ड बघून लगेच परत द्यायचं. झेरॉक्स ठेवायची नाही, मोबाइलमध्ये फोटो काढायचा नाही, नंबर लिहून घ्यायचा नाही. वय बघायला यातलं काहीच लागत नाही. आधारचा पूर्ण नंबर दाखवायला कुणाला नको वाटत असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधारही काढून मिळतं, त्यावर जन्मतारीख असते, आपलं काम होतं.

दुकानाबाहेर पाटीही लागते. साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट लांब आणि एक फूट उंच. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणं हा दंडनीय गुन्हा आहे, असं आपल्या भाषेत लिहायचं. पाटीचा आम्हाला वेगळाच फायदा झाला. आधी नाही म्हणताना जीव कसनुसा व्हायचा, गावातलीच पोरं, उद्या त्यांच्या आया तोंड फिरवतील. आता नुसतं पाटीकडे बोट दाखवतो. राग यायचा तो पाटीचा येऊ दे.

आणखी एक नियम फार कमी जणींना माहीत आहे. तंबाखू विकायला बसलेली व्यक्तीही अठराच्या वरची हवी. आपण काय करतो? शेतावर जायची वेळ झाली, भाकरी टाकायची राहिली, तर शाळेतून आलेल्या लेकीला गल्ल्यावर बसवतो. पोरगी हुशार असते, हिशेब आपल्यापेक्षा बरा करते. पण तेवढ्या वेळात तिनं कुणाला तंबाखू काढून दिली तर नियम मोडला तो आपण. मुलांच्या हाताला सहज लागेल अशा जागी तंबाखूच्या माळा लटकवायच्या नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. चॉकलेटच्या बरणीवर पुड्यांची माळ, हे चित्र तुमच्या डोळ्यासमोर आलं असेल. आमच्या दुकानातही तसंच होतं.

काही वस्तूंना तर वय विचारायची पाळीच येत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तो कुणालाच विकायचा नाही. ई-सिगारेट देशभर २०१९ पासून बंद. सुटी सिगारेट-बिडी विकायला आपल्या राज्यात २०२० पासून मनाई आहे. दारू आपल्या किराणा दुकानात नसते, म्हणून तिचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, शिवाय परवाना. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदीच आहे. सिंधुदुर्गातून पलीकडे गोव्यात गेलं की वय अठरावर येतं, एवढा फरक. पण घरातल्या बाईनं लक्षात ठेवायचं ते वेगळंच आहे. बाल न्याय कायद्याचं पुढचं, अठ्ठ्याहत्तरावं कलम म्हणतं की मुलाकडून दारू वाहून आणणं, पोचवणं, विकणं हाही सात वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. "जा रे, नाक्यावरनं बाटली घेऊन ये" म्हणणारा बाप या कलमात सापडतो. असं वरचेवर घडत असेल आणि घरात कुणी ऐकत नसेल तर मुलांसाठीचा १०९८ हा नंबर आहे, फुकट लागतो.

आता दुसऱ्या वस्तूबद्दल, जिच्याविषयी आम्हाला एकाही ताईंनी फोन केला नाही. संडास धुवायचं ॲसिड.

घरोघरी संडास झाले तशी ही बाटली आपल्या दुकानात आली. आम्हीही ठेवायचो, साबणाच्या वड्यांशेजारी. २००५ साली दिल्लीत लक्ष्मी अगरवाल नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर ॲसिड फेकलं, का तर तिनं एका माणसाला लग्नाला नकार दिला. ती पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं साधं होतं, ही वस्तू कुणालाही, कधीही, काही न विचारता मिळते कशी? त्या अर्जावर १८ जुलै २०१३ रोजी न्यायालयानं आदेश दिले. दुकानातून ॲसिड विकायचं असेल तर नोंदवही हवी. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती घेतलं ते लिहायचं. त्यानं सरकारी फोटो ओळखपत्र दाखवायचं, त्यावर पत्ता हवा. कशासाठी हवंय ते सांगायचं. अठराच्या खालच्याला द्यायचंच नाही. आणि दुकानात किती साठा आहे तो पंधरा दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या बोलण्यात प्रांतांना, कळवायचा. यातलं काही मोडलं तर प्रांत पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतात. ॲसिड फेकणाऱ्याला आता भारतीय न्याय संहितेच्या एकशे चोविसाव्या कलमाखाली कमीत कमी दहा वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

तंबाखूच्या वेळी आम्ही म्हणालो, नंबर लिहू नका, झेरॉक्स ठेवू नका. ॲसिडच्या वेळी म्हणतोय, लिहून ठेवा. असं उलटं का? तंबाखूचं वय बघतो ते समोर उभ्या असलेल्या मुलाच्या जिवासाठी. तो अठराचा आहे का नाही एवढं कळलं की काम संपलं. ॲसिडची नोंद आहे ती दुकानात नसलेल्या कुणासाठी तरी. ती मुलगी कॉलेजच्या रस्त्यावर असेल, एसटी स्टँडवर असेल, आपण तिला ओळखतही नसू. ज्याला माहीत आहे की आपलं नाव-पत्ता वहीत उतरलाय, तो दहादा विचार करतो.

हे आम्हाला कळलं त्याला एक निमित्त झालं. आमची एक सभासद तालुक्याच्या गावी गेली होती. एका मोठ्या दुकानात तिनं ॲसिडच्या दोन बाटल्या मागितल्या. लगेच मिळाल्या. तिनं मुद्दाम विचारलं, "दादा, माझं नाव नाही लिहून घ्यायचं? वही कुठंय?" दुकानदार खळखळून हसला. "ताई, तुम्ही काय कुणावर टाकणार आहात?"

ती परत आल्यावर आम्ही या वाक्यावर खूप बोललो. त्यानं तिचा चेहरा बघून ठरवलं की ही बाई तसली नाही. चेहरा बघूनच ठरवायचं, तर जो चांगले कपडे घालून, गोड बोलून बाटली नेईल त्यालाही तो देणारच की. वही असती तर तिनं सगळ्यांना सारखंच विचारलं असतं, आमच्या मैत्रिणीलाही. नाव लिहायला तिला काही कमीपणा वाटला नसता, असं ती स्वतः म्हणाली.

आम्ही आमच्या दुकानातलं ॲसिड बंद केलं. वही ठेवणं, प्रांतांकडे साठा कळवणं, परवान्याच्या चौकशा, हे पाच-दहा बाटल्यांसाठी झेपणारं नव्हतं. संडास धुवायच्या पावडरीनं आणि ब्रशनंही निघतो, थोडा दम लागतो एवढंच. हा निर्णय एका बैठकीत झाला.

तंबाखूचा मात्र अजून झालेला नाही, खोटं कशाला सांगायचं? काहीजणी म्हणतात, बायकांच्या गटानं तंबाखू ठेवूच नये. काहीजणी म्हणतात, पुडीसाठी आलेला माणूस मीठ-तेलही घेऊन जातो. पुडी बंद केली तर तो पलीकडच्या दुकानात जाईल, तंबाखू काही सोडणार नाही. दोन्ही बाजूंच्या बायका शहाण्या आहेत. तूर्तास एवढं ठरलंय की पुडी मागच्या फळीवर राहील, पाटी पुढे राहील, आणि मुलाच्या हातात ती जाणार नाही. सोडायचं मनात असेल त्यांच्यासाठी पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय.

त्या चौथीतल्या मुलाला आम्ही दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी आजी स्वतः आली, काठी टेकत, तोंडानं आमचा उद्धार करत. पायरीवर बसली, पदरानं घाम पुसला. "माझे गुडघे दुखतात ते तुम्हाला दिसत नाहीत व्हय गं? पोराला पाठवलं तर काय झालं?" आम्ही पाणी दिलं, सगळं समजावून सांगितलं. सात वर्षांचं ऐकल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मला धरणार का तुला?" आम्ही म्हणालो, दोघींनाही. आमच्यातली एक तिच्याच घरावरून जाते. ती म्हणाली, "आजी, मी जाता-येता आणून देत जाईन, पोराला धाडू नका."

आजीनं कमरेची पिशवी काढली. पैसे काढता काढता त्यातून प्लास्टिकमधलं आधार कार्डही बाहेर काढलं आणि गल्ल्यावर आपटलं. "बघ, माझंबी बघ. नीट बघ." आमच्या मैत्रिणीनं खरंच वाचलं. १ जानेवारी १९५१. ती म्हणाली, "आजी, चालतंय." आजी म्हणाली, "त्या मशीनवाल्या पोरानं लिहिलंय ते. मी उन्हाळ्यातली हाय, आंब्याच्या दिवसांतली."